आपलीच आहेत, काही बोलायची नाहीत

एसी बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "मावशी, बाहेरचा डबा कुठल्या बाजूला घेऊ?"

मी म्हटलं, "डावीकडे घे. ती आपलीच आहेत, काही बोलायची नाहीत."

एवढंच बोलले. मुलगा आणि सून कामावर, नात पोटमाळ्यावर पुस्तकात डोकं घालून बसलेली. म्हणजे ठरवलं ते मीच. नंतर हे दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालता येतं का, ते मी खूप वेळा करून पाहिलं. सुनेच्या गळ्यात घातलं, त्या एसीवाल्याच्या घातलं, उन्हाळ्याच्याही घातलं. बसत नाही कुणाच्या. माझ्याच गळ्यात बरोबर बसतं.

आमची चाळ डिलाईल रोडची. शेवटचा मजला, वर पत्रे. एक खोली, मागे मोरी, पुढे सगळ्यांची मिळून लांब गॅलरी. आमच्या उजव्या हाताला एक रिटायर्ड गृहस्थ राहतात. त्यांना अर्ज लिहायचा नाद. कबुतरांना दाणे टाकले, कमिटीकडे अर्ज. कुणाची चप्पल त्यांच्या उंबऱ्यासमोर आली, अर्ज. एकदा माझ्या सुक्या बोंबलांच्या वासावर त्यांनी दीड पान लिहिलं होतं, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्यांच्या दारात गरम हवा सोडायची म्हणजे वर्षभराची डोकेदुखी. मागे मोरीच्या खिडकीवर डबा लावता आला असता, पण एसीवाला म्हणाला, "पाइप लांब लागेल, अर्धा दिवस जाईल." अर्धा दिवस कुणाला आहे? मग राहिली डावी बाजू.

डाव्या बाजूला ती आणि तिचा नवरा. तिला मी बाय म्हणते, ती मला वहिनी. मी लग्न होऊन मालवणाकडून या खोलीत आले, त्यानंतर दोनेक वर्षांनी ती शेजारी नांदायला आली. चाळीस वर्षं कधीच उलटली. ती बौद्ध, आम्ही गाबीत, कोकणातले मासेमार. माझी सासू तिच्या हातचं पाणी घेत नसे, पण तोंडाने वाईटही बोलत नसे. "माका तहान नाय" म्हणायची. मी मात्र पहिल्याच महिन्यात तिच्याकडे जाऊन चहा प्यायले आणि सासूला दिसेल असा प्यायले. त्याचा मला फार अभिमान. नातीलाही मी ही गोष्ट सांगत आलेय, की तुझी आजी त्या काळात अशी होती.

बाय परळला एका मोठ्या हॉस्पिटलात आया होती. माझं धाकटं पोर तिथेच झालं आणि तेरा दिवसांत तिथेच गेलं. त्याला शेवटची आंघोळ तिने घातली. मला बघू दिलं नाही. "वहिनी, तुम्ही भिंतीकडे तोंड करा," म्हणाली. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या घरात पंधरा दिवस चूल तिने सांभाळली. तिच्या मुलीला डेंटलला अॅडमिशन मिळाली तेव्हा अख्ख्या मजल्याला पेढे मी वाटले. अशा घराला माणूस आपलंच म्हणणार, नाहीतर काय.

तिचे मिस्टर, मी त्यांना भावजी म्हणते, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. छातीत सूत बसलं ते बसलंच. आता चालणं जवळजवळ बंद आहे. दाराजवळ लोखंडी खाट टाकलीय, कारण त्या खोलीत वारा येतो तो फक्त दारातून. दिवसभर तिथे उशाला टेकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेतात.

एसी सुरू झाला त्या दिवशी दुपारी मी गॅलरीत गेले. डब्यातून भट्टीसारखा झोत निघत होता आणि सरळ त्या खाटेवर जात होता. भावजी टॉवेलने मान पुसत म्हणाले, "वहिनी, तुम्ही सिमल्याला गेलात आणि आम्हाला नागपूरला पाठवलंत."

मी हसले. म्हटलं, "नागपूर तुम्हाला काय नवीन आहे, भावजी? दरवर्षी जायचात की."

"जायचो ते दसऱ्याला. मे महिन्यात कोण जातं?"

सगळे हसले. बायसुद्धा आतून हसली. आणि मी तेवढ्यावर सोडून दिलं. माणूस हसला म्हणजे त्याला त्रास नाही, असा एक सोयीचा हिशेब आपण करतो. मीही केला आणि आत येऊन दार लावून घेतलं. एसी लावला की दार लावावं लागतं, नाहीतर गारवा पळतो. आमच्या मजल्यावर दिवसा दार लावायची पद्धत नाही. दुपारी लावलेलं दार म्हणजे माणसं गावाला गेली किंवा कुणीतरी गेलं. पहिल्यांदा ती पद्धत आम्ही मोडली.

तीन दिवसांनी बाय आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "वहिनी, तो डबा जरा वर नाहीतर मागे सरकवता येईल का? दुपारचा यांना दम लागतो."

मी म्हटलं, "अगो, सांगते ना मुलाला."

सांगितलं. मुलगा म्हणाला, बघतो. सून म्हणाली, "आई, हिची परीक्षा होईपर्यंत थांबा, मग करू." नातीची मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा तोंडावर होती. पोर घामाने पुस्तक भिजवत बसायची, ते बघवत नव्हतं. म्हणूनच तर एसी घेतला. शिवाय, खरं सांगायचं तर मलाही तो आवडायला लागला होता. इतकी वर्षं पत्र्याखाली भाजून निघाल्यावर त्र्याहत्तराव्या वर्षी दुपारी पांघरूण घेऊन झोपायला मिळणं काय असतं, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मनात म्हणायचे, परीक्षा झाली की करू. तिला काय, ती समजून घेईल.

समजून घेणाऱ्याच्याच वाट्याला सगळं येतं. उजवीकडचे अर्जवाले समजून घेत नाहीत, म्हणून त्यांच्या दारात गारेगार. हे मला आता सुचतंय. तेव्हा सुचलं नव्हतं असंही नाही म्हणा. सुचलं होतं, मी कूस बदलली होती.

आठव्या दिवशी भर दुपारी एसी बंद पडला. नातीने वरून हाक मारली, "आजी, गार येत नाहीये." मी बाहेर जाऊन बघते तर डब्याच्या तोंडासमोर प्लायवूडचा एक तुकडा दोरीने बांधलेला. झोत खाटेकडे जाऊ नये म्हणून. हवा कोंडली आणि मशीन ट्रिप झालं. मी दोरी सोडायला लागले. तेवढ्यात बाय बाहेर आली.

"राहू द्या वहिनी. मी बांधलंय."

"अगो, पण मशीन बिघडेल ना."

"आणि माणूस बिघडतंय त्याचं काय?"

आवाज तिने चढवला नव्हता. चढला तो माझा. म्हटलं, "आठ दिवस धीर नाही धरवत तुला? पोरीची परीक्षा आहे, माहीत आहे ना तुला?"

"माझ्या पोरीची परीक्षा होती तेव्हा तुम्ही रेडिओ बंद ठेवला होता, मी विसरले नाही. म्हणून तर आठ दिवस कळ काढली."

तिचं बोलणं खरं होतं, वर त्यात माझं कौतुकही होतं. मी खाली वाकून गाठ सोडत होते, ती सुटत नव्हती, नख मोडलं. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळं फुकट मिळतं ना, म्हणून दुसऱ्याने घेतलेलं बघवत नाही."

लिहायचं तर तेच लिहायला हवं, नाहीतर बाकीचं कशाला लिहिलं.

हे वाक्य मी कधी पाठ केलं नव्हतं. माझ्या घरात कुणी ते बोलत नसे. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी बँकेच्या रांगेत, कधी नातेवाइकांच्या गप्पांत ऐकलं असेल. तेव्हा मी मान फिरवली होती, "असं बोलू नये" असंही म्हटलं होतं. आणि तेच वाक्य, एक शब्द इकडेतिकडे न होता, माझ्या तोंडून बाहेर आलं. जणू गेली कित्येक वर्षं आत माळ्यावर बांधून ठेवलं होतं आणि हात घातल्याबरोबर सापडलं.

आणखी एक. चाळीस वर्षं मी तिला तू म्हणत आले आणि ती मला तुम्ही. मी चार वर्षांनी मोठी, म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून तिच्यासाठी "तुम्ही" निघालं, आणि ते असं निघालं.

तिने खाटेकडे बघितलं. भावजी मघापासून ऐकत होते. त्यांनी टॉवेल तोंडावरून फिरवला आणि हळूहळू, त्यांना कूस बदलायलासुद्धा वेळ लागतो, भिंतीकडे तोंड केलं. मग बायने पुढे होऊन ती गाठ स्वतः सोडली, एका झटक्यात सुटली, प्लायवूड काखेत घेतलं, खाट आत ओढली आणि दार लावलं. दुपारचे अडीच वाजले होते.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली, बरीच नंतर. त्या क्षणी मात्र उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं घशाखाली गार गेलं. मी बरोबर आहे की चूक, हा प्रश्नच संपला. ती एक बाई, जिचं ऐकायला हवं होतं, ती उरलीच नाही. तिच्या जागी "लोक" आले, आणि लोकांचं काय ऐकायचं?

आमचे हे म्हणायचे, पोट भरलं की माणूस शांत होतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा रॉकेलच्या रांगेत बायकांनी एकमेकींचे केस उपटलेले मी पाहिलेत, तेव्हा मलाही ते पटायचं. वाटायचं, ही भूक भांडतेय, बाई भांडत नाही. मग पोटं भरली. गिरणीच्या जागी समोर काचेची बिल्डिंग आली, घराघरात फ्रिज आले. भांडणं थांबली नाहीत. तेव्हा वाटलं, शिक्षण कमी पडतंय. मग शिकलेली माणसं टीव्हीवर रोज संध्याकाळी भांडताना पाहिली. कुठल्या कुठल्या देशांची युद्धं दाखवायचे, पडलेली घरं, कडेवर पोर घेतलेली बाई, आणि मी भाजी निवडत त्या देशांना सांगायचे, अरे मेल्यांनो, शेजारी आहात, बसून मिटवा की. सून हसायची. म्हणायची, "आई, तुम्हालाच पाठवायला हवं तिकडे."

मला पाठवलं असतं तर मी काय केलं असतं ते आता कळलं. माझं पोट भरलेलं होतं. मला कुणी मारायला आलं नव्हतं. मला फक्त गार हवं होतं.

त्या दुपारी मी परत आत आले. मशीन चालू झालं होतं. नात पोटमाळ्याच्या जिन्यावर बसली होती. म्हणाली, "आजी, हे तू बोललीस?" मी मोडलेलं नख दाताने काढत बसले. थोड्या वेळाने ती परत वर गेली, अभ्यास होता. मी आडवी झाले आणि, देवाशपथ, त्याच गारव्यात मला झोप लागली.

संध्याकाळी सून घरी आली. तिला कुठून कळलं कोण जाणे. चहा टाकता टाकता म्हणाली, "बरं झालं आई, एकदा बोललात ते. कधीतरी बोलायलाच हवं होतं." माझी सून वाईट नाही हो. माझ्या पायाला तेल लावते, औषधांच्या वेळा तिला पाठ. म्हणूनच जास्त भीती वाटली. मुलगा म्हणाला, "कशाला तोंडाला लागतेस गं त्यांच्या?" त्यांच्या, म्हणाला. लहानपणी ज्या घरात जेवून यायचा, त्या घराला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडचे अर्जवाले गॅलरीत भेटले. एरवी माझ्याकडे बघून नाक मुरडणारे, त्या दिवशी दोन्ही हात जोडून म्हणाले, "अगदी योग्य सुनावलंत. कमिटीकडे काही लिहून द्यायचं असेल तर सांगा, मी मसुदा करून देतो."

मी म्हटलं, "माझ्या बोंबलांवर लिहिलं होतंत, तसाच करा."

ते हसले. त्यांना वाटलं मी आता त्यांच्यातली झाले. आणि खोटं काय होतं त्यात?

डबा हलव म्हणून मी मुलाच्या मागे लागले. दोन दिवस खोलीत पाऊल ठेवलं नाही, गॅलरीतच चटई टाकून बसले. लोक येताजाता विचारायला लागले तेव्हा त्याने एसीवाल्याला बोलावलं. त्याने डबा काढला, मोरीच्या खिडकीवर नेऊन लावला, पाइप जोडला. चार तासांत झालं. अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

त्या दिवशी बायच्या दारावर मी पहिल्यांदा टकटक केली. तिने उघडलं. मी म्हटलं, "डबा हलवला गो." ती म्हणाली, "बघितलं. बरं झालं, यांना बरं पडेल." मी म्हटलं, "त्या दिवशी जीभ घसरली." ती म्हणाली, "होतं असं, वहिनी. उकाडा किती होता." मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या घालेल, नाहीतर दार तोंडावर आपटेल. यातलं काहीही चाललं असतं. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाहुण्यांना देतात तसं, पेल्याखाली ताटली ठेवून.

आता तिचं दार उघडं असतं. खाट पुन्हा दाराशी आलीय. पण मला एक विचित्र अडचण झालीय. तिला हाक कशी मारू? तू म्हणायला जाते आणि वाटतं, हा तू कुठल्या हक्काचा होता? तुम्ही म्हणायला जाते तर ती दुपार आठवते. तिलाही आठवत असणार. मग मी अशी वाक्यं शोधते ज्यांत दोन्ही लागत नाही. "जेवण झालं?" "भाजी आणायची आहे का?" "पाणी आलं वाटतं." एवढी मोठी मराठी भाषा, पण असं बोलायला लागलं की पाच मिनिटांत संपते.

मग वैशाखी पौर्णिमा आली. दरवर्षी ती खीर करते आणि स्वतः घेऊन येते, बसते, मी चाखेपर्यंत उठत नाही. यंदा खिरीचा डबा शेजारच्या पोरीबरोबर आला. मी तो हातात घेऊन तशीच तिच्याकडे गेले. भावजी झोपले होते. ती तांदूळ निवडत होती. मी समोर जमिनीवर बसले.

म्हटलं, "माझ्यावर राग आहे?"

"राग नाही."

"मग?"

तिने ताटातले खडे बाजूला केले. मग म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी माझ्याही तोंडात आलं होतं. तुमच्याबद्दल. अगदी जिभेवर."

"मग बोलायचं होतं."

"बोलले असते तर बरं वाटलं असतं मला. म्हणूनच नाही बोलले."

मला वाटत होतं ते बरं वाटणं माझ्या एकटीचं आहे.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"खीर खा ना. वेलची जास्त पडलीय यंदा."

"सांग गो."

तिने मान हलवली. नाही म्हणून.

तेव्हापासून मी तेच शोधतेय. भाजी चिरताना, अंथरुणावर पडल्यावर. आमच्या जातीबद्दल होतं का? माझ्या सासूच्या तहानेबद्दल? त्या तेरा दिवसांच्या पोराबद्दल? नाही, ते ती कधीच बोलणार नाही. की बोलली असती? मी तिच्या वतीने एकेक वाक्य जुळवते, स्वतःला ऐकवते, आणि प्रत्येक वाक्य मला बरोबर लागतं. तिचं नेमकं कुठलं होतं तेवढं कळत नाही. ते कळलं तर निदान फिटंफाट होईल, असं काहीतरी वेडं डोक्यात घेऊन बसलेय.

परवा परत विचारलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. म्हणाली, "सोडा ना वहिनी, मी विसरलेसुद्धा." माझ्याकडे न बघता म्हणाली. मी काही बोलणार तेवढ्यात आतून भावजींना खोकल्याची उबळ आली. तिने हातातले कपडे माझ्या खांद्यावर टाकले, पूर्वी टाकायची तसेच, आणि आत पळाली. मी ते एकेक काढून घड्या घालत उभी राहिले. घड्या संपल्या तरी ती बाहेर आली नाही. कपडे आत नेऊन द्यावेत की उंबऱ्यावर ठेवून यावं, ते मला ठरवता येईना.